न पाहिलेल्यांची चित्रं

जो प्राणी कुणी कधी पाहिलाच नाही, त्याचं चित्र काढायचं कसं? गोदावरीकाठच्या चिताऱ्यांनी या प्रश्नाचं इतकं ठाम उत्तर दिलंय की ती चित्रं पाहताना थक्क व्हायला होतं.

गोदावरीकाठचा हा मुलूख नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांचा. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात चित्र दाखवत कथा सांगणाऱ्याचा उल्लेख सापडतो. म्हणजे चित्रकथी ही कला आपल्या मातीत फार जुनी. याच गोदावरीच्या काठी पैठण लागतं. चित्रकथीच्या एका शैलीला त्याच गावाचं नाव मिळालं. तिची आज उरलेली चित्रं बहुतेक एकोणिसाव्या शतकातली आहेत.

या चित्रांतला रावण बघा. दहा तोंडं ओळीने मांडलेली. एवढा भार एका मानेवर तोलायचा कसा, हा प्रश्न चिताऱ्याला पडतच नाही, आणि म्हणून आपल्यालाही पडत नाही. राक्षसांचे सुळे बाहेर आलेले, डोळे गरगरीत. पण अंगावर दागिने आणि उंची वस्त्रं. त्यांची ऐट राजाच्या तसबिरीत शोभेल अशीच. मला या शैलीत सर्वांत मोठं वाटतं ते हेच: राक्षसालाही चिताऱ्याने मान दिलाय, कुठेही त्याची टिंगल केलेली नाही.

चेहरा कडेने दाखवायचा, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा पूर्ण. रेघ जाड, रंग सपाट आणि भडक, सावलीचं नाव नाही. माझ्या मते हे अडाणीपण नव्हे, हिशेब आहे. चित्र जेमतेम 30 बाय 40 सेंटिमीटरचं, आणि समोर गाव बसलेलं. मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही इंद्रजित कोण नि मारुती कोण, हे कळलं पाहिजे. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची. कथा पुढे सरकली की पान उलटायचं. अशा पानांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात.

कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने ही परंपरा वीणा, हुडुक आणि टाळाच्या साथीने जिवंत ठेवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. पैठणची पानं मात्र पांगली. काही पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या फडताळात अशी एखादी पोथी अजूनही असू शकेल. रंग उडालेले जाड कागद दिसले, तर रद्दीत घालू नका. आधी एखाद्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.