रेडिओग्राम पुन्हा गाता करताना

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या घरांत एक वस्तू अजूनही भिंतीशी उभी सापडते. चार-पाच फूट लांबीची लाकडी पेटी, खाली निमुळते पाय, वर इस्त्रीच्या कपड्यांची चळत नाहीतर लग्नातला फोटो. घरातल्या मुलांना ते कपाट वाटतं. झाकण उचललं की आत तबकडी आणि पिकअप. शेजारी काचेची पट्टी आणि तिच्यावर मीटरचे आकडे. पुढच्या जाड विणीच्या कापडामागे स्पीकर. हा रेडिओग्राम. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर असा सगळा संसार एकाच पेटीत.

स्टिरिओ रेकॉर्डी १९५८ साली बाजारात आल्या आणि या पेट्या लांब होत गेल्या. अमेरिकेत मॅग्नावॉक्स आणि झेनिथ, जर्मनीत ग्रुंडिग, टेलिफुंकन, साबा. दिवाणखान्यातलं सर्वांत महागडं फर्निचर म्हणून त्या विकल्या जात. आपल्याकडे मर्फी, एचएमव्ही, फिलिप्स ही नावं घरोघरी ठाऊक होती. मर्फीचा कारखाना ठाण्यात होता. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस परकीय चलनाची चणचण झाली आणि परदेशी सेट आणणं जवळजवळ अशक्य झालं. गोव्यात मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांची सत्ता होती आणि तिथल्या दुकानांत युरोपी माल मिळे. म्हणून जर्मन पेटीच्या शोधात असलेल्या बेळगावच्या माणसाने चोर्ल्याचा घाट उतरून पाहावं.

इथल्या घरांत या पेटीतून काय ऐकलं गेलं असेल, याचा अंदाज काचेच्या पट्टीवरूनच येतो. धारवाडचं आकाशवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं, सांगलीचं १९६३ साली. मधल्या काळात, १९५६ साली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. त्यावरून उठलेला सीमावाद अजून मिटलेला नाही. पण मिडियम वेव्हच्या एकाच पट्टीवर धारवाडची कानडी आणि सांगलीची मराठी दोन्ही लागत. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल ऐकायला भाषेची अडचण येत नाही. कुमार गंधर्वांचा तर जन्मच बेळगावजवळच्या सुळेभावीचा. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्राने गीतरामायण लावलं तेव्हा मराठी घरं रेडिओभोवती बसली. आणि शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन! नभोवाणी मंत्री केसकरांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला आळा घातला, तेव्हा १९५२च्या डिसेंबरात सुरू झालेल्या बिनाका गीतमालेसाठी काटा थेट कोलंबोकडे वळू लागला.

संग्राहकाच्या हाती पेटी येते तेव्हा तिचे दोन रोग ठरलेले असतात, एक लाकडाचा आणि एक विजेचा. बेळगावचा पावसाळा दोन्ही वाढवतो.

लाकडाचं आधी. पेटी दिसते सागाची किंवा शिसवीची, पण बहुतेकदा तो वरचा पातळ विनियर असतो. जुन्या कामात तो सरसाने चिकटवलेला. चार महिन्यांच्या दमटपणात सरस सुटतो, विनियर कडेने उचलतो आणि फुगे येतात. ही खरं तर चांगली गोष्ट, कारण सरस ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा धरतो. फुग्यावर ओलसर फडकं ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि वर सपाट फळी ठेवून शिकंजा आवळला, तर कितीतरी ठिकाणी नवा गोंद लागतच नाही. पॉलिश काढायला मशीनचा सँडर मात्र लावू नये. विनियर इतका पातळ असतो की एका फेरीत तळचं लाकूड उघडं पडतं आणि मग उपाय उरत नाही.

भारतीय पेट्यांवरचं पॉलिश बहुतेकदा चपड्याचं असतं. चपडा म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुमावरच्या किड्याची. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायची. जुन्या ७८च्या रेकॉर्डीतही हीच लाख असते. पेटीला चकाकी देणारी आणि गाणं धरून ठेवणारी वस्तू एकच, ही गोष्ट मला फार आवडते. पण तिच्यातून एक ताकीदही निघते. पॉलिशचा बोळा ज्या स्पिरिटात भिजवता, त्याने ७८ची रेकॉर्ड कधीही पुसू नका. तिचा पृष्ठभागच विरघळतो.

आता आतलं काम. इथे सर्वांत मोठा घात उत्साहाने होतो. तीस-चाळीस वर्षं बंद पडलेल्या सेटची पिन सॉकेटमध्ये खुपसली की चार मिनिटांत पेटीचा जीव जातो. जाणता मेकॅनिक आधी सिरीजमध्ये बल्ब लावतो. आत कुठे शॉर्ट असला तर बल्ब भक्कन पेटतो आणि सेट वाचतो. मग डिमरस्टॅटने व्होल्टेज हळूहळू चढवायचं, म्हणजे फिल्टरचे कंडेन्सर पुन्हा सवयीला येतात. पण खरा गुन्हेगार वेगळाच असतो, मेणकागदाचा एक छोटा कपलिंग कंडेन्सर. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर शंभराच्या वर व्होल्ट असतात. ते अडवून फक्त आवाजाचा सिग्नल ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर सोडायचा, एवढंच त्याचं काम. तो गळू लागला की ग्रिडवर नको ते व्होल्ट चढतात, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, आतली प्लेट लाल होते आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. कंडेन्सर किरकोळ पैशांचा, ट्रान्सफॉर्मर मात्र नव्याने गुंडाळून घ्यावा लागतो. म्हणून पहिली वीज देण्याआधीच हे कंडेन्सर बदलावेत.

व्हॉल्व्हची धास्ती घेण्याचं कारण नाही. एकेकाळी बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते बनत. ईएल ८४ आजही रशियात आणि स्लोव्हाकियात तयार होतो. स्टेशन नीट लागलं की ज्याच्या हिरव्या प्रकाशातली सावली मिटत जाते तो मॅजिक आय मात्र जुन्या साठ्यातूनच शोधावा लागतो.

तबकडीकडे वळलं की पुन्हा पावसाळा आडवा येतो. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल क्षाराचा स्फटिक असतो. तो हवेतली ओल शोषतो आणि आवाज बसत जातो. तिथे सिरॅमिक पिकअप बसवणं हाच मार्ग. सुईसुद्धा बघून घ्यावी. ७८ची खाच रुंद, एलपीची बारीक. पिकअपच्या कडेची कळ फिरवून सुई बदलायची सोय त्यासाठीच असते, आणि एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर दोघींचं नुकसान. मोटरचा दांडा आणि तबकडी यांच्यामध्ये रबराचं आयडलर चाक असतं. ते कडक झालं की गाणं डुलायला लागतं. अमेरिकेहून कोणी हौसेने पेटी आणली असेल, तर व्होल्टेज बदलून भागत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५०ची. तबकडी सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि लताबाईंचा आवाज भलताच खाली उतरतो. मोटरच्या दांड्यावरची पुली बदलूनच तो जागेवर येतो.

या सगळ्या कामाला लागणारे हात आपल्याच मुलखात आहेत. खानापूरच्या जंगलपट्ट्यामुळे लाकडाची पारख असलेले मेस्त्री इथे पिढ्यानपिढ्या आहेत. ऊस आणि पंपांच्या या भागात मोटार वाइंडिंगचं दुकान प्रत्येक बाजारपेठेत सापडतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरची तार केसासारखी बारीक आणि गुंडाळणी थराथराने करायची, एवढं समजावून सांगावं लागतं. आयडलरला नवं रबर चढवून ते गोल घासून द्यायला बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर जमणार नाही असं काही नाही.

तरीही पेट्या मरतात त्या दुरुस्तीअभावी नव्हे, सजावटीपायी. चेसिस भंगारात घालायचं, तबकडी काढायची आणि रिकाम्या पेटीत ब्लूटूथचा स्पीकर, नाहीतर बाटल्या ठेवायच्या, ही टूम मला साफ नामंजूर आहे. या पेटीचा स्टिरिओ आजच्या मोजमापात मोठा नव्हे, हे मान्य. दोन स्पीकर एकाच पेटीत चार फुटांवर, डावं-उजवं फारसं सुटं होत नाही. पण ते चेसिस, ते स्पीकर आणि त्या लाकडी पेटीची पोकळी एकमेकांच्या मापाने ठरवलेली असतात. त्यातला खर्ज नव्या स्पीकरने येत नाही. चेसिस गेलं की उरतं ते टेबल.

तेव्हा घरात अशी पेटी असेल तर विकण्याआधी आणि लावण्याआधी थोडं थांबा. पिन काढलेली असली तरी मागची पुठ्ठ्याची पाठ स्वतः उघडू नका. नुकत्याच चालवलेल्या सेटच्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. पाठीवरचं लेबल, मॉडेल क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. कपाटात पोस्टाचं रेडिओ परवान्याचं जुनं पुस्तक असेल तर तेही जपा. हे परवाने १९८०च्या दशकात रद्द झाले, पण त्यावरच्या शिक्क्यांवरून सेट घरात कधी होता हे कळतं. मग व्हॉल्व्हवर काम केलेल्या एखाद्या वयस्क मेकॅनिकला बोलवा, आणि घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला त्याच्याशेजारी बसवा.