दोन मेणबत्त्या

परातीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत प्रशिक्षणाला जमलेल्या गुरुजींना आणि मॅडमना हा प्रयोग पाठ होता. उत्तरही ठरलेलं: हवेतला 21 टक्के ऑक्सिजन जळून गेला, तेवढ्या जागेत पाणी शिरलं.

सुलभक सरांनी ते खोडून काढलं नाही. “आता ग्लास तोच ठेवा, मेणबत्त्या दोन लावा,” एवढंच म्हणाले.

पाणी आणखी वर चढलं. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. मग हे जास्तीचं पाणी कशामुळे? पंखा बंद असल्याने सगळे घामाघूम झाले होते, पण कुणी जागचं हललं नाही. एका मॅडमनी परातीशी वाकून पाहिलं, तर ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे निघत होते. शेजारच्या गटाच्या लक्षात आलं, की पाणी भराभर चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर. वाद रंगला, फळ्यावर आकृत्या निघाल्या. तापलेली हवा फुगून थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. हे सरांना सांगावं लागलं नाही.

1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमाने हीच रीत धरली होती. मुलांनी करायचे प्रयोग शिक्षक आधी स्वतः करत, आणि अडत. आपल्याकडे प्रशिक्षण राज्यावरून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि केंद्राला झिरपतं. अनेकदा शेवटी हातात उरतात त्या स्लाइड्स. माझं मत विचाराल तर दहा विषय उरकण्यापेक्षा एका प्रयोगाला अख्खी दुपार द्यावी. एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला तर हे जास्तच लागू आहे, कारण त्याला मुलांच्या हाती काम सोपवून बाजूला होता आलं पाहिजे.

साहित्याची अडचण म्हणाल, तर जालना बियाण्यांचं गाव. दुपारनंतर एका गुरुजींनी त्यांच्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न मांडला: टोकताना बी उलटं पडलं तर मूळ वर जाईल का? उत्तर त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी सांगितलं नाही. सोयाबीनचे दाणे, ओला टीपकागद आणि काचेचे ग्लास घेऊन सोमवारी वर्गातच लावायचं ठरवलं. काही दाणे सरळ, काही आडवे, काही उलटे.