चाकोरीचे मोल

शहरासाठी वाहतुकीची नवी योजना निघाली की चर्चा बहुधा दोनच प्रश्नांभोवती फिरते: खर्च किती येणार आणि काम केव्हा पुरे होणार. पंधरा वर्षांनी त्या गाड्यांचे सुटे भाग कोठून आणायचे, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याची उपेक्षा किती महाग पडते, हे फ्रान्समधील काँ या नगराच्या उदाहरणावरून ध्यानी यावे.

नॉर्मंडी प्रांतातील या विद्यापीठाच्या गावी १५ नोव्हेंबर २००२ रोजी रबरी चाकांची ट्राम सुरू झाली. तिची कल्पना मोठी मोहक होती. गाडीचा भार बसप्रमाणे टायरांवर, वीज डोक्यावरच्या तारेतून, आणि दिशा देण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी बसविलेला एकच रूळ. रबरी चाकांमुळे चढण सोपी जाईल आणि दोन रुळांच्या ट्रामपेक्षा खर्च कमी येईल, असा हिशेब होता. ट्रामची प्रतिष्ठा आणि बसची काटकसर एकाच वाहनात मिळत असेल, तर कोणत्या नगरपालिकेला मोह पडणार नाही?

अनुभव निराळा आला. साधी बस रस्त्यावर थोडी इकडे, थोडी तिकडे चालते. तिचा भार वाटला जातो. रुळाने बांधलेल्या या गाडीची चाके मात्र दररोज त्याच दोन पट्ट्यांवरून फिरत. त्यामुळे रस्त्यात खोल चाकोऱ्या पडू लागल्या. बिघाड वाढले, दुरुस्ती महागली. नान्सी या दुसऱ्या फ्रेंच शहरात तर मार्च २००१ मध्ये, सेवा सुरू होऊन काही आठवडे होतात न होतात तोच, अपघातांमुळे ती वर्षभर बंद ठेवावी लागली.

परंतु खरी अडचण यंत्राची नव्हती, बाजारपेठेची होती. बॉम्बार्डिए कंपनीची ही प्रणाली स्वीकारली ती काँ आणि नान्सी या दोनच शहरांनी. जिला दोनच गिऱ्हाइके आहेत, अशा गाडीचे उत्पादन कोण चालू ठेवणार? बस एका कारखान्याची नाही आवडली, तर दुसऱ्याची घेता येते; येथे रूळ एकाचा आणि गाडीही त्याचीच. अखेर २०११ मध्ये काँने ही प्रणाली सोडण्याचा निर्णय घेतला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी शेवटची गाडी धावली. रस्ते पुन्हा खोदले गेले, आणि जुलै २०१९ मध्ये नेहमीच्या दोन रुळांची ट्राम अवतरली. मधल्या दीड वर्षात विद्यार्थ्यांनी आणि नोकरदारांनी पर्यायी बसवर दिवस काढले. नान्सीची गाडी मार्च २०२३ मध्ये थांबली. तेथे २०२५ पासून साध्या ट्रॉलीबस धावतात.

रबरी चाकांची ट्राम सर्वत्रच फसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ट्रान्सलोर या दुसऱ्या प्रणालीच्या गाड्या क्लेरमाँ-फेराँ येथे २००६ पासून आणि इटलीतील पादुआ येथे २००७ पासून चालत आल्या आहेत. पादुआने तर विस्तारही हाती घेतला. मात्र चीनमधील तिआनजिन आणि शांघाय येथील याच प्रणालीचे मार्ग २०२३ मध्ये बंद झाले.

आपल्याशी याचा संबंध काय? २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख होता. तारेवरच्या विजेवर चालणाऱ्या रबरी चाकांच्या जोडगाड्यांची ती कल्पना. तीत मधला रूळ नाही, म्हणून काँचे सारेच दोष तिला चिकटविता येणार नाहीत. तथापि गाड्या किती कारखाने बनवू शकतात, आणि मूळ पुरवठादाराने हात वर केले तर पुढे काय, हे प्रश्न अशा प्रत्येक योजनेला विचारलेच पाहिजेत.

नव्याचे भय बाळगू नये, हे खरेच. पण प्रयोगाचा खर्च अखेर सोसतो तो तिकीट काढून उभ्याने प्रवास करणारा माणूस. त्याच्या पैशाने चाकोरी सोडताना, परतीची वाट शिल्लक आहे ना, एवढे तरी आधी पाहावे.