भोकं बुजवण्याआधी

पाऊस ओसरून ऊन पडू लागलं की पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या लॉनवर, गवत विरळ झालेल्या कडेला, मातीचे बारके ढीग दिसू लागतात. प्रत्येक ढिगाशी पेन्सिल जाईल एवढं भोक. "वाळवी लागली," असं कुणीतरी म्हणतं आणि औषधाची बाटली बाहेर निघते. ती उघडण्याआधी ऊन वर आल्यावर अर्धा तास तिथे बसून पाहावं.

भोकातून एक माशी बाहेर येते. पोटावर चमकदार निळे पट्टे. ही ॲमेगिला. आग्या किंवा सातेरी मधमाशीसारखं तिला पोळं नसतं, राणी नसते, कामकरीही नसतात. शेजारी कितीही बिळं असोत, प्रत्येक मादी आपलं बीळ आपणच खणते. आत छोटे कप्पे करून त्यांना ओल लागू नये म्हणून अंगातल्या स्रावाचा लेप देते. मग मागच्या पायांच्या केसांत पराग भरून खेपा सुरू होतात. पराग आणि मकरंदाची शिदोरी, तिच्यावर एक अंडं, की कप्पा बंद. कधी निळ्या ठिपक्यांची थायरियस माशी तिथे घुटमळते. कावळ्याच्या घरट्यात कोकिळेनं घालावं, तसं ती या कप्प्यांत आपलं अंडं घालते.

ॲमेगिलाच्या मादीला नांगी असते, पण राखायला पोळं नसल्यामुळे ती अंगावर येत नाही. पायाखाली किंवा मुठीत सापडली तरच डसते. नराला नांगीच नसते. मात्र एकाच भोकातून मोठ्या माश्यांची सतत ये-जा दिसली, तर त्या गांधीलमाश्या असू शकतात. तिथून लांब राहावं आणि जाणकाराला बोलवावं.

ॲमेगिलासाठी एवढंच करावं लागतं: चार काठ्या रोवून दोरी बांधायची, मुलांना तिथे अनवाणी खेळू द्यायचं नाही, गवत कापायचं मशीन भल्या सकाळी फिरवायचं. काही आठवड्यांत त्यांची लगबग आपोआप थांबते. त्या जागी माश्या नकोच असतील, तर पुढच्या हंगामाआधी कंपोस्ट घालून गवत दाट करावं आणि माती ओलसर ठेवावी. त्यांना उघडी, कोरडी, उन्हातली जमीन लागते.

पण त्या राहिलेल्या बऱ्या, कारण बागेत त्यांचा उपयोग होतो. वांग्याच्या फुलात पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. ॲमेगिला फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवते आणि तो झाडून काढते. सातेरीला हे जमत नाही.

जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीतच घर करतात. शहरात मात्र मोकळी जमीन पेव्हर ब्लॉकखाली जाते आहे. म्हणून सोसायटीच्या पुढच्या बैठकीत एवढी मागणी जरूर करा: बागेचा एक उन्हाचा कोपरा उघडा राहू द्या आणि तिथे औषध मारू नका.