आजोबांना मोबाइल शिकवा आणि कॉलेजचे क्रेडिट मिळवा: काय आहे हा प्रकार?

“अरे, हा फोटो का जात नाही, बघ ना जरा.”

नातू फोन घेतो, चार ठिकाणी बोट फिरवतो आणि परत देतो. फोटो जातो. आजोबा मात्र काहीच शिकत नाहीत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न, आणि या वेळी नातवाचा आवाज जरा चढलेला. तुमच्याही घरात हेच चालत असणार.

मग हे काम घरच्या नातवाऐवजी बाहेरच्या एखाद्या विद्यार्थ्याला दिलं तर? कॅनडात २००९ मध्ये शाळेत शिकणाऱ्या दोन बहिणींनी ते करून पाहिलं. शाळकरी मुलं ज्येष्ठांना इंटरनेट शिकवू लागली. त्यांच्या थोरल्या बहिणीने, सॅफ्रन कॅसाडे हिने, त्यावर ‘सायबर-सीनियर्स’ हा माहितीपट केला. पुढे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठाने हीच कल्पना उचलली. तिथे विद्यार्थी ज्येष्ठांना टॅब आणि फोन शिकवतात आणि ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मोजलं जातं.

परक्या मुलाकडून शिकणं सोपं का जातं? एक तर, त्याच्यासमोर तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारायला तितका संकोच वाटत नाही. दुसरं, त्याला तास भरायचे असतात, त्यामुळे तो घाईत नसतो. घरच्या नातवाकडे प्रेम असतं, वेळ नसतो.

आपल्याकडे हे जमेल का? नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आहे आणि साधारण ३० तासांच्या कामाला १ क्रेडिट धरतात. म्हणजे २ क्रेडिटचे ६० तास. पाच ज्येष्ठ, प्रत्येकाला आठवड्यातून दोन तास, सहा आठवडे. हिशोब जुळतो. जागाही तयार आहे: गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं. कॉलेजने तेवढी परवानगी द्यायला हवी.

सुरुवात कशाने करायची? पेन्शनर असतील तर हयातीच्या दाखल्याने. दर नोव्हेंबरला त्यासाठी बँकेत रांग लागते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला आणला, पण वयामुळे बोटांचे ठसे पुसट झाले की मशीन ते ओळखत नाही. २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली आणि आता हा दाखला घरबसल्या अँड्रॉइड फोनवर काढता येतो. आजींनी एकदा तो स्वतः काढला की बाकीचं शिकायला त्या आपणहून बसतात.

शिकवण्याचा नियम एकच: फोन ज्येष्ठांच्याच हातात राहील. विद्यार्थ्याने बोटाने दाखवायचं, दाबायचं नाही. त्यांना वहीत त्यांच्या शब्दांत पायऱ्या लिहू द्यायच्या. वेळ दुप्पट लागतो, पण ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हटलं की ती शिकवणी संपली, फुकटची सेवा सुरू झाली.

आणि यात एक धोकाही आहे, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. गोड बोलणाऱ्या अनोळखी तरुणाच्या हातात फोन द्यायची सवय आपणच लावली, तर उद्या ठगाचं काम सोपं होईल. म्हणून शिकवणी केंद्रात, चार लोकांसमोर व्हावी. पिन टाकताना विद्यार्थ्याने मान वळवावी आणि तसं का केलं तेही सांगावं. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कायद्यात नाही, कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन शेअर करायची नाही, हे व्हॉट्सॲपच्या स्टिकरआधी शिकवावं.

तरी फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे अडवणं कठीण. हा नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह व्हायला हवा, आणि तोही आजोबांच्याच बोटांनी.