निसर्गफेरीत काय पाहायचे? बडोद्याचे वड, वढवाणा आणि विश्वामित्री

हिवाळ्याची चाहूल लागली की मंडळाच्या निसर्गफेऱ्यांची विचारणा सुरू होते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती पक्षी दिसतील?" मुलांना मोर आणि मगर हमखास दिसायला हवी असते, तर मोठ्यांना छायाचित्रे हवी असतात. या इच्छेत गैर काहीच नाही. मात्र फेरीला येण्यापूर्वी तिचा हेतू सर्वांना ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

फेरीत आम्ही पक्ष्यांइतकेच लक्ष त्यांच्या घराकडे देतो. अन्न, पाणी, आसरा आणि पिले वाढवण्याची जागा या चार गोष्टी जिथे एकत्र मिळतात, त्या ठिकाणाला अधिवास म्हणतात. आज न दिसलेला पक्षी उद्या दिसू शकतो. अधिवास मोडला तर मात्र त्याने परत यावे तरी कुठे? बडोदेकरांचे भाग्य असे की तीन अगदी वेगवेगळे अधिवास आपल्या आवाक्यात आहेत: शहरातले जुने वड, डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव आणि गावातून वाहणारी विश्वामित्री.

वड: गावाच्या नावातले झाड

इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटात 'वडपद्रक' या गावाचा उल्लेख येतो. आपल्या शहराच्या नावातच वड आहे. आपण वटपौर्णिमेला त्याची पूजा करतो, पण त्याच्या फळात काय चालते हे फारसे पाहत नाही.

वडाचे लाल फळ म्हणजे आत मिटलेल्या शेकडो सूक्ष्म फुलांचा गुच्छ. या फुलांचे परागीभवन एक चिमुकली गांधीलमाशी करते. फळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून मादी आत शिरते, अंडी घालते आणि सोबत आणलेले पराग फुलांवर पसरवते. प्रौढ माशीचे आयुष्य फार थोडे, एक-दोन दिवसांचेच. तेवढ्या वेळात तिला योग्य अवस्थेतली फळे असलेले दुसरे वडाचे झाड गाठावे लागते. सगळी झाडे एकदम फळली तर ही साखळी तुटेल, म्हणून वेगवेगळे वड वेगवेगळ्या वेळी फळतात. याचा फायदा पक्ष्यांना होतो. इतर झाडांवर काही नसते तेव्हाही गावात कुठला तरी वड फळलेला असतो. तांबट, कोकीळ, बुलबुल, हरियाल आणि राखी धनेश त्याच्यावर जगतात. मध्य आशियाकडून हजारोंच्या थव्यांनी येणाऱ्या भोरड्याही वडा-पिंपळावर उतरतात.

म्हणूनच एक मोठा वड राखला की झाले, असे होत नाही. परिसरात पुरेसे वड हवेत. जुना वड पडला आणि त्याच्या बदल्यात दहा रोपे लावली, तर कागदावर हिशेब जुळतो. पिंगळ्याला आणि धनेशाला लागणारी खोडातली ढोली मात्र रोपाला यायला कित्येक दशके जातात. सयाजीबागेतल्या फेरीत आम्ही मुलांना एकाच जुन्या झाडाखाली अर्धा तास बसवतो. कोण आले, काय खाल्ले, कुठे गेले, एवढेच लिहायचे. अर्ध्या तासात वही भरते.

वढवाणा: शेतीसाठी बांधलेले, पक्ष्यांनी आपलेसे केलेले तळे

वढवाण्याचे तळे बडोदे संस्थानाने १९१० साली बांधले. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारकिर्दीत, छप्पनियाच्या भीषण दुष्काळानंतरच्या दशकात हे काम झाले. ओरसंग नदीचे पाणी कालव्याने आणून साठवायचे आणि आसपासच्या गावांच्या शेतीला द्यायचे, हा त्यामागचा हेतू. पक्षी तेव्हा कोणाच्या योजनेत नव्हते. आज हेच तळे रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हा दर्जा त्याला २०२१ मध्ये मिळाला. मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येणाऱ्या ८० हून अधिक जातींच्या पाणपक्ष्यांना इथे हिवाळी आसरा मिळतो.

शेतीच्या तळ्यात एवढे पक्षी का? उत्तर पाण्याच्या खोलीत आहे. तळे उथळ आहे आणि रब्बीला पाणी सुटत जाते तशी पातळी हळूहळू उतरते. दर आठवड्याला काठाची नवी पट्टी उघडी पडते आणि प्रत्येक खोलीला तिचा पक्षी असतो. ओल्या चिखलात तुतवार चोच खुपसतात. घोटाभर पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे चालतात. हातभर पाण्यात तलवार बदक शेपूट वर करून डोके बुडवते. थापट्या आपल्या पसरट चोचीने पाणी गाळून खातो. खोल पाण्यात लालसरी आणि वारकरी बुडी मारतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस काठाच्या गवतात आणि शेतात चरतात.

म्हणजे तळे सतत काठोकाठ भरलेले ठेवले, किंवा काठ दगडांनी बांधून सरळ उभा केला, तर दिसायला ते छान दिसेल, पण निम्म्या पक्ष्यांचे ताट उचलल्यासारखे होईल. उलट पाणी फार लवकर संपले तरी तेच. शेतकऱ्याची पाळी आणि पक्ष्यांचा मुक्काम यांचा मेळ बसतो तोवरच वढवाणा हा वढवाणा आहे. इथे पाणी सोडण्याचे वेळापत्रक हाही निसर्गरक्षणाचा विषय आहे, हे तलावाच्या बांधावर उभे राहिल्यावर चटकन पटते.

विश्वामित्री: पूर, कोतरे आणि मगर

तिसरा अधिवास सर्वांत अवघड, कारण तो आपल्या घरांना लागून आहे. पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहराच्या मध्यातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली. आपल्या अनेक सभासदांच्या घरात पाणी शिरले, वस्त्यांमध्ये मगरी आल्या. तेव्हापासून प्रत्येक फेरीत दोन प्रश्न येतात: मगरी दुसरीकडे का नेत नाहीत, आणि नदी सरळ व रुंद का करत नाहीत?

प्रश्न रास्त आहेत. ज्यांचे सामान भिजले त्यांना निसर्गप्रेमाचे धडे देणे आम्हाला योग्य वाटत नाही. म्हणून आधी नदीचे काम कसे चालते ते पाहू. नदीच्या दोन्ही बाजूंना असलेल्या घळींना इथे कोतरे म्हणतात. पाऊस पडला की पाणी आधी या कोतरांत आणि सखल गवताळ काठांवर पसरते, थांबते, जमिनीत मुरते आणि मग हळूहळू पुढे सरकते. कोतर भरून त्यावर बांधकाम केले की ते पाणी नाहीसे होत नाही, शेजारच्या सोसायटीत जाते. कोतर हे कोल्ह्या-मुंगसाचे, कासवाचे, खंड्याचे घर आहेच, पण पुराच्या पाण्याची साठवणही तेच आहे. या एका बाबतीत माणसाचे आणि प्राण्याचे हित एकच आहे.

मगरीचे म्हणाल तर ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला सर्वोच्च संरक्षण आहे. ती हद्द धरून राहते. एक नेली तर मोकळ्या जागेत दुसरी येते. तिला काठाची माती लागते: उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती काठात खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी पिले बाहेर येतात. काठाच्या मातीत ती बिळेही करते. नदीतला गाळ काढण्याची, पात्र रुंद करण्याची कामे पावसाळ्यापूर्वी उरकावी लागतात, म्हणजे नेमकी याच महिन्यांत. २०२५ च्या उन्हाळ्यात असे मोठे काम विश्वामित्रीत झाले. पुढेही होईल. काम करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. काठ कुठे सोडायचा, अंडी कुठे आहेत ते आधी कसे पाहायचे, उतार मातीचा ठेवायचा की काँक्रीटचा, हे प्रश्न नागरिकांनी विचारायला हवेत. ते विचारता यावेत म्हणून नदी पाहिलेली, ओळखीची असली पाहिजे. २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या नदीच्या संरक्षणाबाबत आदेश दिले, तेही नदीकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवून असलेल्या नागरिकांनी दाद मागितली म्हणूनच.

नदीकाठची फेरी आम्ही पुलावरून आणि उंच काठावरूनच करतो. पाण्याजवळ कोणीही उतरायचे नाही, हा नियम लहान-थोर सर्वांना सारखाच आहे.

नावे दोन, पक्षी एक

फेरीत एक गंमत सहज घडते. आजी-आजोबा मराठी नाव सांगतात, मुलांना शाळेतले किंवा शेजारचे गुजराती नाव येते. आपला तांबट गुजरातीत 'कंसारो', म्हणजे कासार. 'टुक टुक' आवाजात दोन्ही भाषांना धातूवरची हातोडी ऐकू आली. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला आपला वारकरी गुजरातीत 'भगतडुं' होतो, म्हणजे भगतच! आपला शिंपी तिथे 'दरजीडो'. शेपूट वरखाली हलवणारा परीट मात्र गुजरातीत 'दिवाळीघोडो' आहे, कारण तो दिवाळीच्या सुमारास येतो. नावातच त्याच्या स्थलांतराचे वेळापत्रक आहे. आम्ही मुलांना दोन्ही नावे लिहायला सांगतो. यंदा दिवाळीघोडा कोणत्या तारखेला दिसला, ही नोंद गच्चीवरूनही करता येते.

मोजणी कशासाठी?

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. ती १९८७ पासून सुरू आहे. फेब्रुवारीत चार दिवस परसबागेतले पक्षी मोजण्याचा जागतिक उपक्रम असतो. दोन्हींत हौशी माणसे भाग घेतात. "आमच्या मोजण्याने काय होणार?" असे वाटत असेल तर एक उदाहरण पाहा. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल निघाला, तो सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा होता. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींना तातडीने लक्ष देण्याची गरज असल्याचे ठरले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ आणि वढवाण्याला दिसणारा थापट्या, दोघेही चांगलेच घटलेले आढळले. मोर आणि कोकीळ मात्र वाढले. रोज दिसणारा पक्षी कमी होतो आहे हे नुसत्या नजरेला कळत नाही, वर्षानुवर्षांच्या नोंदींनी कळते.

उत्तरायणाचे दोन शब्द

पाहुणे पक्षी इथे असतात तेव्हाच उत्तरायण येते. पतंग उडवू नका, असे बडोद्यात कोण म्हणेल! पण पक्षी पहाटे रात्रथाऱ्यावरून निघतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास परततात. सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ५ नंतर पतंग खाली ठेवले तर पुष्कळ पक्षी वाचतात. नायलॉनचा मांजा बंद आहेच, तो घरात येऊ देऊ नये. जखमी पक्षी दिसला तर पाणी पाजू नका. खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि १९६२ या क्रमांकावर कळवा. दुसऱ्या दिवशी झाडांवर लोंबणारा मांजा गोळा करणे हे मुलांना आवडणारे आणि फार उपयोगाचे काम आहे.

घरी काय करता येईल?

सोसायटीच्या आवारात वड मावत नाही. पण कढीपत्ता, लिंबू, अडुळसा, पारिजातक मावतात. कढीपत्ता आणि लिंबावर फुलपाखरे अंडी घालतात, अडुळशाच्या फुलांवर शिंजीर येतो. जागा असेल तर कडुनिंब, करंज, जांभूळ, बहावा किंवा भोकर लावा. झटपट हिरवी भिंत म्हणून जागोजागी लावलेल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात राज्याने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. सोसायटीत तो नव्याने लावायचा विचार असेल तर सभेत हे जरूर सांगा. वटपौर्णिमेला बाजारातून तोडलेली फांदी आणण्याऐवजी जवळच्या वडापाशी जाता आले तर पूजाही होईल आणि झाडही राहील.

फेरीला येताना

मातकट किंवा हिरव्या रंगाचे साधे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, वही आणि पेन्सिल एवढे पुरे. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर मंडळाची आळीपाळीने वापरू. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, घरट्याजवळ जायचे नाही आणि गाठिया-पाव टाकायचा नाही. आपल्या फराळाने पक्ष्याचे पोट भरते, पोषण होत नाही.

फेरी संपताना आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: आज पाहिलेला एक पक्षी निवडा आणि तो तिथेच का होता, ते सांगा. उत्तर द्यायला आठ वर्षांच्या मुलालाही दोन मिनिटे पुरतात. या हिवाळ्यात घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे घेऊन या. वाट पाहतो.