मिठाचा मांडव आणि ब्रासभर वाळू

माझा मामेभाऊ कॅनडात ऑन्टारिओला असतो. मागच्या हिवाळ्यात त्यानं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. रस्त्याच्या कडेला भलामोठा पांढरा मांडव, आत ट्रक उभा राहील एवढं दार, आणि दारातून दिसणारा करड्या पांढऱ्या ढिगाचा डोंगर. खाली लिहिलं होतं, "आमच्या गावाचं मीठ." चुडाव्याला आमच्या घरात मग दिवसभर तोच विषय. आजी म्हणाली, "मिठाला एवढा मोठा मांडव घातलाय म्हणं? लगीन हाय का मिठाचं?"

मी हसले, पण प्रश्न डोक्यात राहिला. माझं पीएचडीचं काम माती आणि क्षार यांच्यावर आहे, त्यामुळे मीठ आणि पाणी हे रोजचेच. तरी "झाकायचं का?" याचं नीट उत्तर द्यायला बसले तेव्हा कळलं, की आपण "पाऊस लागतो म्हणून" एवढंच म्हणून मोकळे होतो. रिसर्चला येणाऱ्यांनी नेमकं इथेच थांबू नये, म्हणून ही पोस्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी. थंड देशांत बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. खारं पाणी शून्याला गोठत नाही. पाण्यात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असेल तर गोठणबिंदू उणे २१ अंशांपर्यंत खाली जातो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९-१० च्या खाली मीठ फार हळू काम करतं, मग नुसती वाळू टाकतात. वाळूने बर्फ वितळत नाही, फक्त चाकाला पकड मिळते. त्यामुळे तिकडच्या डेपोत मीठ आणि वाळू शेजारी शेजारी साठवलेली असते. दोन्ही ढिगांवर छप्पर असतं, पण कारणं वेगळी आहेत. गंमत म्हणजे दोन्हीकडे मूळ गुन्हेगार एकच: कणावर बसलेला पाण्याचा पातळ थर.

मिठापासून सुरू करू. कोरडा मिठाचा खडा हवेत ठेवला तर तो ओला कधी होतो? सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर शुद्ध सोडियम क्लोराइड कोरडं राहतं. त्याच्या वर गेली की ते हवेतली वाफ ओढून स्वतःच्याच पाण्यात विरघळायला लागतं. याला क्रांतिक आर्द्रता म्हणू. प्रत्येक क्षाराची ती वेगळी असते. मॅग्नेशियम क्लोराइडची जेमतेम ३३, युरियाची ३० अंशांना सुमारे ७३. समुद्राच्या खडेमिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड राहिलेलं असतं, म्हणून आजीच्या बरणीतल्या खडेमिठाला पाकिटातल्या मिठाच्या आधी पाणी सुटतं. "मिठाला पाणी सुटलं, आता पाऊस येणार" हे आजीचं वाक्य म्हणजे एक हायग्रोमीटरच आहे, फक्त कॅलिब्रेट न केलेला.

कॅलिब्रेशनवरून आठवलं. तुमच्या लॅबमधला आर्द्रतामापक बरोबर आहे का हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. एका वाटीत शुद्ध मीठ घ्या, ते ओल्या वाळूसारखं दिसेल इतकंच पाणी घाला, आणि वाटी व मापक एका घट्ट डब्यात ६-८ तास ठेवा. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. खोलीच्या तापमानात हा आकडा फारसा हलत नाही. तुमचा मापक ६८ दाखवत असेल तर तुमच्या आजवरच्या नोंदींचं काय करायचं, हा प्रश्न तुमचा.

माझ्यावर ही वेळ आली होती. एमएस्सीनंतर पहिल्यांदाच स्वतंत्र प्रयोग लावला होता, क्षारयुक्त मातीचे नमुने उघड्या ताटल्यांत. ऑगस्ट महिना. दर दोन दिवसांनी वजन वाढत होतं आणि मी खूश, की माझ्या प्रक्रियेचा परिणाम दिसतोय. तीन आठवड्यांनी एका सीनियरने सहज विचारलं, "नुसतं मीठ ठेवलंयस का शेजारी?" ठेवलं नव्हतं. ठेवलं, तर त्याचंही वजन वाढलं. ती अख्खी वही आजही माझ्याकडे आहे, बघितली की कान गरम होतात.

आता ढिगाकडे येऊ. छप्पर घातलं म्हणून हवेतली आर्द्रता काही थांबत नाही. मग छपराचा उपयोग काय? हवेतल्या ओलाव्याने ढिगाचा फक्त वरचा थर भिजतो, पुन्हा वाळतो, कण एकमेकांना चिकटतात आणि कडक पापुद्रा तयार होतो. आतलं मीठ बऱ्यापैकी सुरक्षित राहतं. पाऊस मात्र आत शिरतो आणि मीठ घेऊन बाहेर पडतो. किती घेऊन? इथे हिशोब करून बघायची सवय लावा, कागदाच्या मागच्या बाजूवर होतो.

मिठाचा ढीग साधारण ३२ अंशांच्या उतारावर स्थिरावतो. पायाची त्रिज्या १० मीटर धरली तर उंची सव्वासहा मीटर, घनफळ सुमारे ६५० घनमीटर, वजन अंदाजे ८४० टन. त्यावर एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस पडला. पायाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ७,८५० लिटर पाणी. लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ३६० ग्रॅम मीठ विरघळतं. सगळं पाणी पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडलं तर २.८ टन मीठ गेलं. ही वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात कमी जाईल.

८४० टनांतले २.८ टन म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. ढिगाचा मालक म्हणेल, सोडून द्या, ताडपत्रीचा खर्च त्याहून जास्त. त्याच्या बाजूने तो चुकीचा नाही. पण हेच मीठ गेलं कुठे ते बघा. मिठात वजनाने सुमारे ६१ टक्के क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक, आयएस १०५००, क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम सांगतं. म्हणजे १ किलो मीठ सुमारे २,४०० लिटर गोड पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. २.८ टन मीठ सुमारे ६८ लाख लिटरला. आपल्याकडची ६ मीटर व्यासाची विहीर, ८ मीटर पाणी धरलं तर सव्वादोन लाख लिटर. म्हणजे एका पावसात तीस विहिरींचं पाणी. क्लोराइड मातीत अडकत नाही, कुजत नाही, पाणी जाईल तिकडे जातं. शेजारच्या विहिरीच्या मालकाला ढिगाच्या टक्केवारीशी काही देणंघेणं नसतं.

थीसिसमध्ये टक्केवारी लिहिताना "कशाचे टक्के?" हे स्वतःला विचारा. छेद बदलला की गोष्ट बदलते.

आपल्याकडे रस्त्यावर मीठ टाकायची वेळ येत नाही, पण मिठाचे उघडे ढीग महाराष्ट्राला नवीन नाहीत. उरण, पेण, वसई, भाईंदर या पट्ट्यातल्या मिठागरांत पावसाळ्याआधी मिठाच्या राशी उंचवट्यावर रचून गवताने, झावळ्यांनी शाकारायची पद्धत आहे. तिथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार आवडते. काढलेलं मीठ लगेच झाकत नाहीत. रास काही काळ उघडी ठेवली की कणांना चिकटलेलं कडवट, मॅग्नेशियमवालं पाणी निथळून जातं. तेच ते ३३ टक्क्यांवर ओलं होणारं. ते गेलं की उरलेलं मीठ पावसाळी हवेत जास्त टिकतं. क्रांतिक आर्द्रतेचा आलेख न काढता आगरात काम करणाऱ्यांनी हा क्रम बसवला: आधी निथळू दे, मग झाक.

मग गवताऐवजी किंवा पत्र्याऐवजी कापड कशाला? पत्र्याला मीठ खातं, हे कोकणात कुणालाही सांगावं लागत नाही. या मांडवांचं कापड म्हणजे पॉलिएस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप, किंवा पॉलिएथिलीन. त्याला गंज नाही. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, आणि तो काँक्रीटच्या भिंतीवर उभा, म्हणजे मीठ सांगाड्याला टेकत नाही. कापडातून उजेड आत येतो. मधे खांब नसल्यामुळे लोडर फिरतो, टिपर आतच हौदा वर करतो. अंगावर पांघरलेली ताडपत्री हे करू शकत नाही. ताडपत्री ढिगाला चिकटते, रात्री थंड होते, आतल्या बाजूला दव धरतं आणि ते परत मिठावर ठिबकतं. शिवाय रोज काढा, रोज घाला. चार दिवसांनी कोण घालतंय? मांडवात ढीग आणि छपरामध्ये हवा खेळती राहते. जमीन मात्र पक्की, पाणी न झिरपणारी आणि बाहेरच्या बाजूला उतार असलेली लागते, नाहीतर वरून झाकून खालून गळती.

वाळूचं काय? वाळू विरघळत नाही, हवेतून पाणीही ओढत नाही. तिकडे अडचण अशी, की भिजलेली वाळू थंडीत गोठून दगड होते आणि ऐन बर्फात पसरता येत नाही. म्हणून तिच्यात थोडं मीठ मिसळतात, वर छप्पर घालतात. छप्पर चांगलं असेल तर मीठ कमी लागतं.

आमच्या चुडाव्यात वाळू गोठणार नाही. पण तोच पातळ थर इथे दुसऱ्याच प्रकारे खिशाला लागतो. गोदावरी आणि पूर्णेचा हा तालुका, त्यामुळे वाळू हा घराघरातला विषय. वाळू मिळते ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांच्या मापाने. २०२३ च्या वाळू धोरणात शासनाने ६०० रुपये ब्रास असा दर ठरवला होता. घरकुलाच्या लाभार्थ्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत, असंही धोरण आहे. आता बघा: कोरड्या वाळूत ४-५ टक्के पाणी मिसळलं की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा थर बसतो, पृष्ठताणामुळे कण सैल रचनेतच अडकून राहतात आणि वाळू फुगते. साध्या वाळूत ही फूग २०-३० टक्क्यांपर्यंत जाते, बारीक वाळूत त्याहून जास्त. २५ टक्के धरली तर ५ ब्रास ओलसर वाळू म्हणजे मुळात ४ ब्रासच. यात कुणी फसवलेलं असेलच असं नाही. टिपर खरोखर भरलेला असतो.

वजनाने घेतली असती तर? ब्रासभर कोरडी वाळू साधारण साडेचार टन. ५ टक्के पाणी म्हणजे तुम्ही सव्वादोन क्विंटल पाण्याचे पैसे दिले. तोटा आहे, पण २५ टक्क्यांच्या मानाने काहीच नाही. एकच ओलावा, मोजायची रीत बदलली की चूक पाचपट. पुढे मिस्त्री १:२:४ चं काँक्रीट घमेल्याने मोजून कालवतो तेव्हा वाळू दोन घमेली दिसते, असते दीडच्या आसपास. वाळू कमी पडलेलं काँक्रीट पोकळ राहतं, आणि स्लॅब गळायला लागला की बोल मिस्त्रीला.

हे तपासायला लॅब नको. सरळ भिंतीचा काचेचा ग्लास घ्या. ओलसर वाळू न दाबता भरा, समजा उंची १० सेंटिमीटर. आता ती काढून ठेवा, ग्लास अर्धा पाण्याने भरा, वाळू परत आत घाला, ढवळा आणि बसू द्या. पूर्ण बुडालेल्या वाळूत थर उरत नाही, त्यामुळे ती कोरड्या वाळूएवढीच जागा घेते. आता उंची ८ आली तर फूग ८ वर २, म्हणजे २५ टक्के. आयएस २३८६ च्या तिसऱ्या भागात हीच पद्धत दिली आहे. मी हे अंगणात करून दाखवलं तेव्हा वडील बराच वेळ ग्लासाकडे बघत बसले. आमचं घर २०१६ ला बांधलंय, पावसाळ्यात. मी पुढे काही बोलले नाही.

जाता जाता खताबद्दल, कारण हे वाचून कुणीतरी नक्की विचारणार. युरियाची क्रांतिक आर्द्रता ७३ सांगितली, पण दोन क्षार मिसळले की ती दोघांपेक्षाही खाली येते. युरिया आणि अमोनियम नायट्रेट एकत्र केलं तर ३० अंशांना ती १८ च्या आसपास येते, म्हणजे उन्हाळ्यातसुद्धा चिखल. फुटकी पोती एकत्र करून एकाच पोत्यात भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मामेभावाला मी परत मेसेज केला, मांडवाच्या आतला नको, दाराबाहेरचा फोटो पाठव. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. दोन दिवसांनी फोटो आला. आत सगळं कोरडं, ढीग नीट. दारासमोर जिथे लोडर ट्रक भरतो तिथे मात्र सांडलेल्या मिठाचा पांढरा पट्टा, आणि तो उताराने थेट गटाराच्या जाळीपर्यंत गेलेला. मी त्याला विचारलंय, ते गटार पुढे कुठे जातं. तो म्हणाला, उद्या बघतो.